तीन मार्क कमी आणि हातात एक एक्झम्प्शन: सीए इंटरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सीए इंटर (सीएच्या तीन परीक्षांतली मधली) करणाऱ्या एका मुलीचं आहे. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहितेय. नाव बदललंय, आपण तिला मीनल म्हणू, आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. मी सांगलीत सीए म्हणून प्रॅक्टिस करते, आमच्याकडे आर्टिकल्स (सीए करता करता फर्ममध्ये काम शिकणारी मुलं) असतात त्यामुळे अटेम्प्ट, ग्रुप, एक्झम्प्शन (एखाद्या पेपरातून मिळणारी सूट) यावर बोलायला मुलं आणि पालक येत असतात. हे प्रकरण लिहावंसं वाटलं कारण यात मेहनत कमी पडली असं कुठल्याच टप्प्यावर नव्हतं, तरी निकाल येत नव्हता, आणि अशी मुलं आपल्याकडे खूप आहेत.

मीनलचे वडील तासगावात बेदाण्याच्या एका अडतीत दिवाणजी. आयुष्य रोजमेळ, खतावणी आणि उधारीच्या याद्यांत गेलं, आता टॅली आलंय पण दिवसाचा मेळ अजूनही आधी कागदावर लावतात. दरवर्षी ऑडिटला सीए साहेब आले की फायली काढून द्यायचं काम त्यांचंच, आणि मुलीने सीए व्हावं ही इच्छा तिथूनच आली. आई घरी, धाकटा भाऊ तेव्हा बारावीला.

मीनल दहावीपर्यंत मराठी माध्यमात. २०२२ ला कॉमर्समधून बारावी, त्याच डिसेंबरला फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) दिली आणि पहिल्याच अटेम्प्टला पास. मग इंटरसाठी पुण्याला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, मेस आणि अभ्यासिका. बी.कॉम. बहिःस्थ ठेवलं.

इथे पहिला निर्णय आला. १ जुलै २०२३ पासून इन्स्टिट्यूटची (सीएच्या परीक्षा घेणारी आयसीएआय) नवी स्कीम लागू झाली, इंटरचे आठ पेपर होते ते सहा झाले, तीन-तीनचे दोन ग्रुप, आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली, पण त्याबरोबर असंही आलं की इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू करता येणार नाही. आधी एक ग्रुप झाला तरी चालायचं. मीनलकडे नोव्हेंबर २०२३ ला जुन्या स्कीमने बसायची संधी होती, तिने ती सोडली आणि मे २०२४ ला नव्या स्कीमच्या पहिल्या परीक्षेला बसायचं ठरवलं. हा निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं, दोन पेपर कमी होणं ही लहान गोष्ट नाही.

अडचण

मे २०२४ ला दोन्ही ग्रुप दिले, दोन्ही गेले. पहिला अटेम्प्ट म्हणून घरच्यांनी धीर दिला. २०२४ पासून इंटरच्या परीक्षा वर्षातून तीनदा व्हायला लागल्यात त्यामुळे लगेच सप्टेंबर २०२४ ला परत दोन्ही ग्रुप. निकाल आला ३० ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीत.

पहिल्या ग्रुपला अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग ६१, लॉ ४४, टॅक्सेशन ४२. बेरीज १४७.

दुसऱ्या ग्रुपला कॉस्टिंग ४८, ऑडिट ३८, एफएम-एसएम (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) ५१. बेरीज १३७.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात आणि ग्रुपच्या एकूण मार्कांत ५० टक्के, म्हणजे तीन पेपर मिळून १५०, यालाच अ‍ॅग्रिगेट म्हणतात. पहिल्या ग्रुपला ती तिन्ही पेपरांत पास होती आणि तरी नापास, तीन मार्कांनी अ‍ॅग्रिगेट गेलं. दुसऱ्यात ऑडिटला दोन कमी आणि बेरजेतही तेरा कमी. त्या अटेम्प्टला दोन्ही ग्रुप एकदम पास होणाऱ्यांचं प्रमाण देशभरात ५.६६ टक्के होतं, हे घरात कुणाला सांगून उपयोग नसतो, शेजारच्यांना फक्त परत राहिली एवढंच दिसतं.

पैशाचंही होतं. परीक्षेची फी हा मोठा खर्च नाहीच, एका ग्रुपला १५०० आणि दोन्हीला २७००. खरा खर्च पुण्यात राहण्याचा, तिला खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला अकरा हजारांच्या आसपास लागत होते, शिवाय क्लासची फी आधीच भरलेली, वर दोन वेगवेगळ्या फॅकल्टींचे (क्लासच्या शिक्षकांचे) फास्ट ट्रॅक बॅच घेतलेले. पुढच्या जूनला भावाची इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन. दिवाणजीच्या पगारात हे दोन्ही किती दिवस चालणार.

पाडव्यानंतर दोघं माझ्याकडे आले. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी अभ्यास करती ओ, मी स्वतः बघितलंय, रात्री दोनला उठलो तरी हिची लाइट चालू. मग मार्क कुठं जात्यात?"

मला वाटतं हाच खरा प्रश्न होता आणि तो वडिलांनी विचारला. मीनल मात्र अजून जास्त तास कसे काढता येतील, मोबाइल बंद करू का, तिसरी फॅकल्टी घेऊ का, असंच विचारत होती.

समोर कोणते पर्याय होते

जानेवारी २०२५ च्या परीक्षेचा फॉर्म तोंडावर आलेला, त्यामुळे फार दिवस विचार करत बसायला वेळ नव्हता.

मीनलला स्वतःला परत दोन्ही ग्रुप द्यायचे होते. तिचं म्हणणं, दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही, मैत्रिणी पुढे गेल्या, आता एकेक ग्रुप करत बसले तर अजून मागे पडेन. याला अर्थ होता. पण हातात अडीच महिने आणि पाच पेपर (अकाउंटिंगला सूट होती). सप्टेंबरच्या आधीही साधारण तेवढाच वेळ होता आणि काय झालं ते समोर होतं.

दुसरा पर्याय, जानेवारीला फक्त पहिला ग्रुप. अकाउंटिंगला ६१ म्हणजे एक्झम्प्शन, साठ किंवा जास्त मिळाले की तो पेपर पुढच्या तीन परीक्षांना द्यावा लागत नाही आणि ते मार्क अ‍ॅग्रिगेटमध्ये धरले जातात. म्हणजे तिला लॉ आणि टॅक्स दोनच पेपर द्यायचे, दोन्हींत किमान ४० आणि दोन्ही मिळून ८९. सप्टेंबरला त्याच दोन पेपरांत ८६ होते.

यात एक गोष्ट बऱ्याच मुलांच्या लक्षात येत नाही म्हणून जरा थांबून सांगते. एक्झम्प्शन लगेचच्या पुढच्या तीन परीक्षांपुरतं असतं, तुम्ही बसा किंवा नका बसू. वर्षातून दोन परीक्षा होत्या तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष, आता तीन होतात म्हणजे बरोबर एक वर्ष. मीनलचं एक्झम्प्शन जानेवारी, मे आणि सप्टेंबर २०२५ ला चालणार होतं. नव्या स्कीममध्ये ते संपल्यावर मार्क कायमचे धरून ठेवायची सोय आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० लागतात, आणि ४४-४२ काढणाऱ्या मुलीला ते किती अवघड ते सांगायला नको. म्हणून "जानेवारी सोडते, मेला नीट तयारीने बसते" हे ऐकायला शहाणपणाचं वाटलं तरी एक्झम्प्शन हातात असताना ते महागात पडतं.

तिसरा पर्याय अडतीच्या मालकांनी दिला होता. त्यांच्या मुलाने शेजारी कोल्ड स्टोरेज टाकलेलं, तिथे अकाउंट्स आणि जीएसटीचं काम बघायला माणूस हवा होता, महिना पंधरा हजार, घरून डबा नेऊन. वडिलांना वर्षानुवर्षं सांभाळून घेतलेल्या माणसाने मनापासून दिलेली ऑफर होती आणि आई तिकडे झुकलेली. मी याला वाईट पर्याय अजिबात म्हणणार नाही. फाउंडेशन झालेली, इंटरचा अभ्यास केलेली मुलगी असं काम उत्तम करू शकते. पण मी एवढंच विचारलं की नोकरी करून लॉ आणि टॅक्सचा अभ्यास होईल का, तर मार्केटचा सीझन, जीएसटीच्या तारखा हे सगळं बघितल्यावर जानेवारीपुरता तरी तो होणार नाही हे तिघांनाही पटलं. मालकांना मार्चपर्यंत थांबा म्हणून विनंती केली आणि ते थांबले, हे त्यांचं मोठेपण.

चौथा, सीए सोडून बँकेच्या परीक्षा किंवा एम.कॉम. याबद्दल वडिलांनीच विषय काढला आणि मीनल रडायला लागली, त्यावरून तिला काय हवंय ते कळलं. तरी मी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली की सोडायचं असेल तर त्यात कमीपणा नाही, फक्त निकालाच्या आठवड्यात तो निर्णय घेऊ नकोस, आणि स्वतःचा पेपर स्वतः बघितल्याशिवाय तर नाहीच.

उत्तरपत्रिका मागवल्या

निकालानंतर तीस दिवसांत अर्ज केला तर इन्स्टिट्यूट तुमच्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी देतं, एका पेपरला ५०० रुपये. व्हेरिफिकेशन वेगळं, त्यात फक्त बेरीज आणि काही तपासायचं राहिलंय का ते बघतात, पेपर परत तपासत नाहीत. बहुतेक मुलं चिडून व्हेरिफिकेशन टाकतात आणि "नो चेंज" आलं की विषय संपवतात. कॉपी मागवणारे कमी, आणि मागवतात तेही तपासणाऱ्याची चूक शोधायला. आपण कुठे काय लिहिलं ते थंड डोक्याने वाचायला कॉपी मागवावी असं मी प्रत्येकाला सांगते.

टॅक्स आणि ऑडिट असे दोन पेपर मागवले. जानेवारीला फॉर्म मात्र पहिल्या ग्रुपचाच भरला, कॉपीची वाट बघत बसलो असतो तर तारीख गेली असती. यावर मीनल नाराज होती, वडिलांनी समजूत काढली.

कॉपी आल्यावर आम्ही दोघी दुपारभर ते पेपर घेऊन बसलो. टॅक्सच्या पेपरात पन्नास मार्कांचं इन्कम टॅक्स आणि पन्नासचं जीएसटी असतं. तिचं इन्कम टॅक्स सुंदर होतं, कॉम्प्युटेशन व्यवस्थित, वर्किंग नोट्स सगळ्या, अक्षर मोत्यासारखं. आणि जीएसटीला पोचेपर्यंत अक्षर बदललेलं, दोन प्रश्न अर्धे, एक सोडलेला. तिला विचारलं तर म्हणाली जीएसटी तिला जास्त चांगलं येतं म्हणून शेवटी ठेवलं होतं. येणाऱ्या विषयाला पाऊण तासही मिळाला नव्हता.

एमसीक्यूचं (पर्याय निवडायच्या प्रश्नांचं) त्याहून वाईट. इंटरला तीस मार्कांचे एमसीक्यू असतात, सत्तर लेखी. लेखीचे मार्क कॉपीवर दिसतात, ते एकूण ४२ मधून वजा केले तर एमसीक्यूला १२ उरले. तीसपैकी बारा! ती समजत होती वीस तरी असतील. ओएमआर (उत्तरांचे गोळे भरायचा कागद) शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत भरलेलं, केस वाचायलाही वेळ मिळाला नव्हता. मॉकला घरी ती एमसीक्यू सोडवतच नसे, उत्तरं मागे असतात ती वाचून पुढे जायची.

ऑडिटची कॉपी वाचताना मला जास्त वाईट वाटलं. पानंच्या पानं लिहिलेली आणि प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी दोन, दीड, दोन. एकही उत्तर पूर्ण चूक नव्हतं. मग मी तिला तिथेच एक प्रश्न लिहायला दिला, येणेकऱ्यांचे बॅलन्स ऑडिटर बाहेरून कसे कन्फर्म करतो, म्हणजे एसए ५०५ हे ऑडिटचं स्टँडर्ड. तिने एक पान भरून इंग्लिश लिहिलं, त्याचा अर्थ एवढाच होता की ऑडिटरने कस्टमरला पत्र पाठवून बाकी विचारावी आणि जुळते का बघावं.

मग म्हटलं आता हेच मला मराठीत सांग, तुझ्या पप्पांच्या अडतीत उधारीची बाकी खरी आहे का हे तू कशी तपासशील. तिने काय सांगितलं बघा. म्हणाली, मॅडम, पत्र दिवाणजीकडे द्यायचं नाही, मी स्वतः पाठवीन, नाहीतर ज्याने घोळ केलाय तोच पत्र दाबून ठेवेल. उत्तरही माझ्याच पत्त्यावर मागवीन. मोठ्या व्यापाऱ्यांना बाकी जुळो न जुळो उत्तर द्याच म्हणून सांगीन, बारक्यांना फक्त जुळत नसेल तर कळवा म्हणीन. ज्याचं उत्तरच येणार नाही त्याचे नंतर पैसे आले का ते बँक पासबुकात बघीन, माल गेल्याची पावती बघीन. आणि मालक म्हणाला याला विचारू नका तर का नको ते आधी विचारीन.

यात सगळं आलं. कन्फर्मेशनवर ऑडिटरचा ताबा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रिक्वेस्ट, उत्तर न आल्यास पर्यायी तपासणी, मॅनेजमेंटने नकार दिला तर कारण विचारणं. पाचपैकी चार-साडेचार मार्कांचं उत्तर तिच्या डोक्यात होतं आणि कागदावर दीड मार्काचं उतरत होतं. लिहिताना ती आधी एक लांब प्रस्तावना जुळवायची, तिच्यातच वेळ आणि दम जायचा, आणि नेमके मुद्दे यायचेच नाहीत. इंटरची परीक्षा इंग्लिश किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही, त्यामुळे हे आपल्याकडच्या मुलांना नीट शिकूनच घ्यावं लागतं.

काय केलं

पुण्याची खोली सोडली. हा निर्णय मीनलला सगळ्यात जड गेला कारण पुणं सोडलं म्हणजे हरून परत आली असं गावात बोलतील ही भीती. पण लेक्चर सगळे दोनदा बघून झालेले, आता हवा होता पेपर लिहायचा सराव आणि तो तपासणारं माणूस, त्यासाठी पुण्यात राहायची गरज नव्हती. तासगावहून सांगली पंचवीसेक किलोमीटर, सकाळच्या एसटीने यायची, आमच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत बसायची, संध्याकाळी परत.

नवीन काहीही घ्यायचं नाही असं ठरलं. एकच मटेरियल, तिच्या स्वतःच्या नोट्स आणि इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल, आरटीपी, एमटीपी (तिथलेच सरावाचे पेपर). परीक्षा दुपारी दोन ते पाच असते म्हणून आठवड्यातून दोनदा त्याच वेळेत पूर्ण पेपर, पेनने, घड्याळ लावून. टॅक्सला जीएसटी आधी. एमसीक्यू पहिल्या पाऊण तासात आणि ओएमआर तेव्हाच भरायचं. आमचा एक आर्टिकल, ज्याचं इंटर नुकतंच झालं होतं, तो इन्स्टिट्यूटचे सजेस्टेड अ‍ॅन्सर्स समोर ठेवून तपासायचा आणि फार कडक तपासायचा. पहिला टॅक्सचा पेपर ३६ आला. मीनल दोन दिवस ऑफिसला आलीच नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि तोच पेपर परत लिहिला.

लॉच्या पेपरात कंपनी कायदा, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि बाकीचे कायदे असतात, त्याचं उत्तर लिहायची एक पद्धत ठरवून घेतली, तरतूद काय, दिलेल्या केसमध्ये काय झालंय, निष्कर्ष काय, तीन तुकडे, बस. सेक्शन नंबर पक्का आठवत नसेल तर लिहायचा नाही.

जानेवारी २०२५ ची परीक्षा झाली, ४ मार्चला निकाल. लॉ ५१, टॅक्स ४८, आधीचे ६१, एकूण १६०. पहिला ग्रुप पास.

मे २०२५

इथे प्रकरण संपलं असतं तर लिहायला सोपं झालं असतं.

मेला दुसरा ग्रुप. अडतीच्या मालकांना मार्चमध्ये नकार कळवला. मधे बी.कॉम.चे पेपर झाले, त्यात काही दिवस गेले, ते टाळता येण्यासारखं नव्हतं. तीन पेपरांत ऑडिट सगळ्यात कच्चं हे सगळ्यांना माहीत होतं, टाइमटेबलमध्ये त्याला सगळ्यात जास्त वेळ होता.

पण झालं असं की ९ मेला कॉस्टिंगने ग्रुप सुरू होणार आणि देशातल्या सुरक्षेच्या परिस्थितीमुळे ऐन वेळी ९ ते १४ मेचे उरलेले सगळे पेपर पुढे ढकलले गेले. नंतर नव्या तारखा आल्या १६ ते २४ मेच्या दरम्यान. अचानक आठवडाभर जास्तीचा मिळाला. त्या दिवसांत कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं, मीनलचं तर अजिबात नाही, आणि अशा वेळी माणूस जे येतं तेच परत परत करतो. तिने तो जास्तीचा जवळजवळ सगळा वेळ कॉस्टिंगला दिला, गणितं सुटतात, उत्तर जुळतं, बरं वाटतं. ऑडिट "एकदा वाचून झालंय" म्हणून राहिलं, आणि लिहून बघणं तर पूर्णच बंद झालं.

६ जुलैला निकाल, आषाढी एकादशीचा दिवस, वडील पंढरपुरात दर्शनबारीत उभे होते. कॉस्टिंग ६२. एफएम-एसएम ५३. ऑडिट ३९. बेरीज १५४, म्हणजे अ‍ॅग्रिगेट झालेलं, आणि एका पेपरात एक मार्क कमी म्हणून अख्खा ग्रुप गेला.

तिने स्वतः फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, ऑडिटची कॉपी मागवते." मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला, कारण नोव्हेंबरात हीच मुलगी तिसरी फॅकल्टी विचारत होती.

व्हेरिफिकेशनही टाकलं, एका मार्काचा प्रश्न असताना टाकायलाच हवं, बदल झाला नाही. कॉपीत दिसलं की उत्तरं आधीपेक्षा खूप सुधारलेली, मुद्दे सुटे, स्टँडर्डची नावं बरोबर, पण एका प्रश्नात केस घाईने वाचून स्टँडर्डच दुसरं पकडलेलं, तिथे पाचपैकी शून्य, आणि एक पोटप्रश्न वेळ नसल्याने सोडलेला.

सप्टेंबरला काय करायचं याला पर्याय फारसे नव्हते. कॉस्टिंगचं एक्झम्प्शन मिळालेलं, ऑडिट आणि एफएम-एसएम दोन पेपर, दोन्ही मिळून ८८ हवे. घरात मात्र एकदा बसून बोलावं लागलं, कारण भावाची अ‍ॅडमिशन झाली होती आणि पैसे खरंच संपत आले होते. मधला मार्ग असा काढला की ती आमच्याच ऑफिसमध्ये सकाळचे तीन तास जीएसटी रिटर्नच्या कामाला बसायची, त्याचे थोडे पैसे, उरलेला दिवस अभ्यास. ऑगस्टपासून काम बंद. या तीन तासांचा एक फायदा असा झाला की ऑडिटमधलं व्हाउचिंग (नोंद पावतीशी पडताळणं), लेजर स्क्रूटिनी (खातेवही तपासणं) हे शब्द तिने प्रत्यक्ष फायलींवर बघितले.

आणि रोज सकाळी आल्या आल्या एक केस वाचून फक्त कुठलं स्टँडर्ड लागू होतं आणि का, एवढं दोन ओळीत लिहायचं. उत्तर नाही लिहायचं, फक्त ओळखायचं.

निकाल

३ नोव्हेंबर २०२५ ला सप्टेंबरचा निकाल लागला. ऑडिट ५२, एफएम-एसएम ४९, आधीचे ६२, एकूण १६३. इंटर पूर्ण.

डिसेंबरमध्ये आयसीआयटीएसएसचं (आर्टिकलशिपआधीचं आयटी आणि सॉफ्ट स्किल्सचं) ट्रेनिंग केलं आणि त्यानंतर आर्टिकलशिप सुरू झाली. तिने ती आमच्याकडे केली नाही. मीच तिला पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या फर्मला जायला सांगितलं, तिला कंपन्यांचं स्टॅच्युटरी (कायद्याने बंधनकारक) ऑडिट बघायला मिळायला हवं, आमच्याकडे जास्त काम प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मचं. दोन वर्षं आर्टिकलशिप, संपल्यानंतर सहा महिन्यांनी फायनल, म्हणजे लवकरात लवकर २०२८ च्या उत्तरार्धात. त्याआधी चार सेल्फ-पेस्ड मॉड्यूल (आपल्या वेळेने शिकायचे ऑनलाइन विषय) पास व्हायची आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मे २०२४ चा निकाल लागला तेव्हाच कॉपी मागवता आली असती. तेव्हा पाचेकशे-हजार रुपये वाचवले, आणि सप्टेंबरचा अटेम्प्ट त्याच पद्धतीने लिहिला. तेव्हा एमसीक्यूचे मार्क कळले असते तर सप्टेंबरला तीन मार्क मिळाले असते असं मला ठामपणे वाटतं. तसं झालं असतं तर पहिला ग्रुप तेव्हाच सुटून जानेवारीला दुसरा ग्रुप देता आला असता.

सप्टेंबर २०२४ ला एकच ग्रुप द्यायला हवा होता का, यावर माझं आणि मीनलचं अजून एकमत नाही. ती म्हणते हो. मी म्हणते दोन्ही दिले म्हणून ऑडिटचा अंदाज आला. एक खरं की दोन्ही ग्रुप एकदम देण्यात एक सोयही असते, दोन्ही मिळून बेरीज तीनशे किंवा जास्त असेल आणि प्रत्येक पेपरात ४० असतील तर एका ग्रुपची कमी दुसऱ्याने भरून निघते. ज्यांचा एक ग्रुप मजबूत आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा. मीनलच्या बाबतीत दोन्ही ग्रुप दीडशेच्या खाली होते त्यामुळे तो फायदा नव्हताच.

मे २०२५ च्या त्या मधल्या आठवड्यासाठी रोज एक ऑडिटचा पेपर लिहून कुणाला तरी पाठवायचा, एवढं एक बंधन लगेच घालायला हवं होतं. बाहेरून बंधन नसेल तर ताणात कुणीही सोप्या विषयाकडे वळतं, त्यात तिला दोष देता येत नाही.

पुणं सोडण्याबद्दल मला बरेच पालक विचारतात म्हणून सांगते, हे सगळ्यांना लागू नाही. लेक्चर पहिल्यांदा करायचे असतील, घरात जागा नसेल, पाहुण्यांची वर्दळ असेल तर अभ्यासिकाच बरी. मीनलला तपासणारं कुणीतरी सांगलीत मिळालं म्हणून ते जमलं. तुमच्या गावात जवळ कुणी सीए किंवा नुकतं इंटर झालेलं कुणी असेल तर जाऊन विचारा, आठवड्यातून एक पेपर तपासून द्याल का एवढंच विचारा, आमच्या व्यवसायातली बरीच माणसं हो म्हणतात.

फायनलसाठी मीनलने आताच एक वही केलीय, त्यात आर्टिकलशिपमध्ये रोज बघितलेली एक गोष्ट आणि त्याला कुठलं स्टँडर्ड लागू होतं ते लिहिते. मागच्या महिन्यात तिने एसए ५०५ ची खरी पत्रं पाठवली, एका कंपनीच्या चाळीस येणेकऱ्यांना, आणि मला मेसेज केला की अकाउंटंट म्हणत होता पत्रं मी टाकतो कुरियरला, मी नाही दिली.